कडेवरचा पट

आता वर्गात साठ मुलं म्हणून कुरकुरता, पण आमच्या वेळी हजेरी वीसच्या खाली गेली की शाळाच बंद व्हायची. तेव्हा मी कळव्याला शिकवायचे. मिठागरं सुरू झाली की आया कामावर जायच्या आणि मुली घरी भावंडं सांभाळायच्या. वर्गात उरली अकरा. मी घरोघर जाऊन सांगितलं, "भावंडं घेऊन या, पण या!"

त्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले.

"बाई, हजर किती?"

"तेवीस."

"मी तर बत्तीस मोजली."

"साहेब, नऊ कडेवरची आहेत."

तेवढ्यात त्यातल्या एकानं भोकाड पसरलं. साहेबांनीच त्याला मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं शेरा लिहिला: "शाळा चालू ठेवावी. पुढची पहिली आत्ताच हजर आहे."