बायकोचं मत आणि माझी गिरणी

मी मूळचा पेडण्याचा, गोव्यातला, तेव्हा तिथं पोर्तुगिजांचं राज्य, आणि मिसरूड फुटायच्या आत मामानं मला इथं बेंगळूरला आणलं, कॉटनपेटेतल्या त्याच्या पिठाच्या गिरणीवर बसवलं, पुढं मामा गेला आणि गिरणी माझ्याकडं आली. बायको सुंद्रा इथलीच, जुन्या मराठी शिंप्यांच्या घरातली, घरात मराठी आणि दारात भाजीवालीशी कानडी. मला सगळी पेठ गोवा अण्णा म्हणते. माझी बोली आता धड तिकडची नाही, धड इथली नाही. तुम्ही लिहून घेताय, पण कुणाला दाखवणार ते आधी सांगा. बरं, राहू दे, लिहा.

तर मताची गोष्ट. कार्पोरेशनची निवडणूक आली तेव्हा नावं लिहायला माणूस आला, त्यानं विचारलं जन्म कुठला, मी म्हटलं पेडणे, तर त्यानं सुंद्राचं नाव तेवढं लिहिलं आणि पुढच्या दारात गेला. शेजारी म्हणाला, अण्णा, बेळगाव सांगायचं, कोण बघायला जातंय. मी मनात म्हटलं, आज हा शिकवतोय, उद्या हाच पोलिसाला जाऊन सांगेल. अर्ज करून इथलं नागरिक होता येत होतं, नाही असं नाही, पण आई तिकडं एकटी, सरहद्दीच्या नाक्यावरचं जाणंयेणं आधीच बंद होत चाललेलं, आणि मी इथला झालो तर पोर्तुगीज मला तिच्याकडं सोडतील का, ही धास्ती. म्हणून तसाच राहिलो.

नेमका तेव्हाच आमच्या पाठच्या घरातला कापडवाला उभा राहिला. गिरणीची धडधड त्याच्या भिंतीतून जायची, तर हा सांगत फिरायला लागला, निवडून आलो की गिरणी पेठेबाहेर घालवतो. त्याच्या समोर उभे राहिले ते एक म्हातारे मास्तर. मारुतीच्या देवळापुढं सभा झाली, तिथं मास्तर म्हणाले, दिल्लीचं सोडा, पण आपल्या नळाचं, गटाराचं, दिव्याचं मत इथं राहणाऱ्या माणसाला का नको, लायसनचे पैसे त्याच्याकडून घेताच ना. कापडवाला उठला, म्हणाला, आज इथं आहे, उद्या पोर्तुगिजाकडं निघून गेला तर, आणि तिकडं काय काय कळवतो कुणास ठाऊक. काय सांगू तुम्हाला, जी माणसं रोज माझ्याकडून रागी, म्हणजे आपली नाचणी, दळून न्यायची ती असं बघायला लागली, जसं काय पिठाच्या डब्यात मी बिनतारी यंत्र लपवलंय. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण खरं सांगू, मास्तरांचाही मला संशय आला, ह्यांना माझा एवढा पुळका कशाला?

तरी घरात मत एकच, सुंद्राचं, आणि त्यावर माझी गिरणी. म्हटलं, काय गे, मास्तरांना द्यायचं, कळलं? ती म्हणाली, सरी, म्हणजे बरं, बघू. हे बघू मला आवडलं नाही. मग कापडवाल्याच्या बायकोनं पेठेतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं आणि ही परत आली ती ओटीत खण घेऊन. काय बोलणं झालं विचारलं तर म्हणे, स्वल्प इकडचं, स्वल्प तिकडचं. मत देऊन आली तेव्हा दारातच गाठली, कुणाला दिलंस? अहो, ते पडद्याआडचं, ते सांगायचं नसतं. मी जेवलो नाही. आणि निवडून आला कापडवाला.

आता नोटीस येणार म्हणून मी धसका घेऊन बसलेला, तर तो स्वतःच आला, आणि माझ्याशी नाही, सुंद्राशी बोलला. अक्का, गिरणी राहू दे, पण ठरल्याप्रमाणं दुपारी बंद ठेवा, आमची म्हातारी तेवढ्यात डोळा लावते. ही म्हणाली, सरी अण्णा. मी तिला आत नेलं, म्हटलं, म्हणजे तू ह्यालाच दिलंस! ती म्हणाली, दिलं असेल, नसेल, त्याला तरी कुठं माहीत आहे? हळदीकुंकवाला आम्ही सगळ्या बायकांनी त्याच्या तोंडावर सांगितलं होतं, गिरणी गेली तर दळण घेऊन आम्ही कुठं फिरायचं, दुपारची बंद ठेवायला ह्यांना लावते मी, पण हलवलीत तर पुढच्या खेपेला आम्ही आहोतच. मग तुझं मत कुणाला? ते नाही सांगणार. वर्षानुवर्षं विचारलं हो, पिठाचा हात पुसतापुसता विचारलं, भांडून विचारलं, नाही सांगितलं.

पुढं आपलं लष्कर गोव्यात शिरलं, पोर्तुगीज गेले. मी गिरणीतून हललो नाही आणि इथला झालो. कापडवाला म्हैसूरपाक घेऊन आला, मी आधी वास घेतला, मग खाल्ला. पेडण्याला जाऊन आलो, आई हात धरून रडली, मीही रडलो.

मग पुन्हा निवडणूक, पुन्हा तेच दोघं. मास्तर भर सभेत माझ्या बाजूनं बोलले होते, ते मी विसरलो नव्हतो. पण शिक्का हातात घेतला आणि मनात आलं, इतकी वर्षं मी हिच्यावर संशय घेतला की हिनं कापडवाल्याला दिलं, तर तिनं एकटीनं कशाला, आपणही द्यावं. दिलं. बाहेर सुंद्रा उभी होती, म्हटलं, आता विचारेल. वाटेत नळाचं बोलली, भाजीचं बोलली, ते काही विचारलं नाही. देव तिला सुखी ठेवो, तुम्हालाही ठेवो, माझं काही मागणं नाही आता. फक्त तिनं एकदा विचारावं, लगेच सांगून टाकीन. अजून विचारलेलं नाही. का विचारत नसेल हो?