जनरेटर तिसऱ्या मजल्यावर नेला त्याबद्दल

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या मोठ्या डॉक्टरबाई, व्यासपीठावरचे इंजिनिअरसाहेब, सिस्टरताई, आणि ड्युटीतून वेळ काढून मला निरोप द्यायला जमलेल्या माझ्या माणसांनो,

बत्तीस वर्षं मी या रुग्णालयाचा जनरेटर सांभाळला. एकदा नाही सांभाळता आला. हार घातलात, तर तेही ऐकून घ्या.

शाळेत पावसाची कविता मी हातवारे करून म्हणायचो. कवितेतलं पाणी मोठं गुणी. कडवं संपलं की थांबतं. वादळाच्या त्या दुपारी आम्ही तळघराच्या दाराशी वाळूची पोती रचली आणि निर्धास्त झालो. पाणी दारातून आलंच नाही. ते आतल्या गटाराच्या जाळीतून वर आलं. ती जाळी बुजवायचं मला सुचलं नव्हतं. जनरेटर बुडाला. वर श्वासाच्या मशीनवर पाच पेशंट होते, त्यांत एक माझी बायको. सिस्टरताई आणि त्यांच्या हाताखालच्या नर्स मुली आळीपाळीने हाताने श्वास देणारा फुगा दाबत बसल्या. चौघे वाचले. ताई, अशा खाली बघू नका. तुमचे हात थकले नव्हते, तिचंच शरीर थकलं होतं.

रुग्णालय पुन्हा बांधायला घेतलं तेव्हा इंजिनिअरसाहेबांनी विचारलं, "काका, जनरेटर कुठे ठेवू?" म्हटलं, "माझ्या गुडघ्यांकडे बघू नका, तिसऱ्या मजल्यावर न्या." आता खाली नुसते खांब आहेत, गटाराला उलटं पाणी अडवणारी झडप आहे. परवा एवढा पाऊस कोसळला, पण एक वॉर्ड अंधारात गेला नाही. घरी जाऊन हे कुणाला सांगणार? भिंतीला सांगितलं. तिला कौतुक जरा कमीच.

दर सोमवारी जनरेटरची चाचणी व्हायची, दिवे क्षणभर जायचे, की मी वॉर्डात चक्कर मारायचो. खाटेखाटेपाशी विचारायचो, "काय आजी, भ्याला नाहीत ना?" काल डॉक्टरबाईंना म्हटलं, सोमवारचा येत जाऊ का? त्या म्हणाल्या, "काका, आता आराम करा. तो आपोआप सुरू होतो."

खरं आहे. पण विचारपूस आपोआप होते का हो? त्या दुपारी मी खाली कंबरभर पाण्यात यंत्राशी झटत राहिलो, आणि वर जाऊन तिला एवढं विचारायचं राहून गेलं. तेवढं काम कुणीतरी अंगावर घ्या. कुणाला सवड नसेल, तर मला फाटकातून आत सोडा.

सत्काराच्या दिवशी मागणं मागितलं, बोलताना जीभ घसरली असेल, तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. तुम्हा सर्वांचा ऋणी आहे. बसतो.