व्याह्यांनी ओढलेला पट्टा

चहा घ्या, पण माझ्या गाडीचा विषय तेवढा काढू नका. इथं आखातात आमच्या अख्ख्या रोल्ला वस्तीला मीच सांगत आलोय, अमेरिकेतून आलेली जुनी गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. टोकाला चिखल दिसला तर गाडी पुरात बुडालेली समजा. स्वतः घेतली तेव्हा मात्र रंगावर भाळलो. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू चिरडलं, पट्टा ओढायचाच राहिला!

परवा मुलीचं लग्न पक्कं करायला आलेले व्याही पुढे बसले. त्यांचं पोट मोठं, म्हणून पट्टा पार शेवटपर्यंत ओढावा लागला. पांढऱ्या शर्टावर वाळका चिखल सांडला. मला लाजेनं त्यांच्याकडे बघवेना.

"माफ करा, व्याहीबुवा."

"माफी कसली, शेठ? तुमचा सल्ला ऐकूनच तर गेल्या महिन्यात हीच गाडी मी न घेता सोडली!"