ब्रेक आणि आईची टोपली

आमच्या जुन्या गाडीचं सांगतो. मध्येच कधीतरी ब्रेकचं पेडल थेट तळाला जायचं. मेकॅनिकने ब्रेकमधली हवा काढली, ऑइल भरलं, तरी परत तेच. म्हटलं, कारण सापडल्याशिवाय गाडी आमच्या पालघरजवळच्या माहीमच्या बाहेर काढायची नाही.

स्वतःच खाली शिरलो. मागच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप गंजून पाझरत होता आणि त्यावर डिकीतून पाणी ठिबकत होतं. वासावरूनच कळलं.

"आई, तुझ्या मासळीचं खारं पाणी हाय हे. टोपली आता डिकीत नाय ठेवायची."

"बरं," आई म्हणाली.

नवा पाइप टाकला. सकाळी पालघरच्या बाजाराला निघालो, तर टोपली माझ्या शेजारच्या सीटवर, पट्टा लावून. मागे बसलेल्या आईने विचारलं, "पुढं खाली पाइप-बिइप काय नाय ना?"

मी उतरून परत गाडीखाली शिरलो.