चंद्रीची वाट

ऐका की. गडमुडशिंगीच्या वाटेवर एक होती माझी सून तानी, आणि एक तिची म्हैस चंद्री. शहरात जाऊन गिऱ्हाइकासमोर धार काढायची, त्यावरच घर चालायचं. मधल्या शेतात कॉलनी झाली, वाटेवर भिंत आली. लांबून वळसा घालून जाईस्तवर गिऱ्हाईक निघून जायचं.

एकदा धुक्यात चंद्री जुन्या वाटेनंच गेली आणि भिंतीला तोंड लावून रेकत राहिली. हलंचना.

पलीकडून एक बाई म्हणाली, "मावशी, म्हशीला भिंत दिसत न्हाय व्हय?"

तानी म्हणाली, "दिसती की! पर भिंत कालची हाय, ह्या वाटेनं हिची आई जायची."

बाई हसली, भिंतीवरून पातेलं पुढं केलं. "मग हितंच काढा धार."

हळूहळू सारी कॉलनी भिंतीशी यायला लागली. वरनं घेताना दूध सांडायचं, म्हणून त्यांनीच भिंत फोडून फाटक बसवलं.

आता तानी कुठं जात न्हाय. पहाटे शहरच पातेलं घेऊन त्या फाटकातनं तिच्या गोठ्यात येतंय.