हरकत कोणाची

बाई : दाखला नकोच म्हणजे? साहेब, टोलवताय ना मला?

कारकून : अहो ताई, कशाला टोलवू? ना-हरकत दाखलाच बंद झालाय. नवा कायदा आला. छोटं दुकान टाकायला आता परवानगी लागत नाही.

बाई : कोणाचीच?

कारकून : कोणाचीच. शटर वर करा आणि बसा.

बाई : आणि मग तुम्ही धाड घालायला येणार.

कारकून : रस्ता अडवलात, कोणाला त्रास दिलात, तर येऊ. आधी अडवायचं नाही, चुकलं तर धरायचं. सगळं उलटं केलंय.

बाई : हे कोणाच्या डोक्यातून निघालं?

कारकून : वरच्यांच्या. मलाही आधी पटेना. जन्म गेला हो शिक्के मारण्यात.

बाई : मग आता इथे बसून काय करता?

कारकून : इथे यायची गरज नाही, हे आलेल्यांना सांगतो.

बाई : त्याचा पगार मिळतो?

कारकून : सध्या तरी मिळतोय. पुढचं कोणी धड सांगत नाही. तुमचं दुकान कसलं?

बाई : सायकल दुरुस्तीचं. घराची पुढची खोली रस्त्याला लागूनच आहे. वडिलांचं हेच काम, त्यांच्या हाताखाली शिकले. वाकडं चाक सरळ करण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

कारकून : मग उद्याच उघडा. अडलंय कुठे?

बाई : एक करा ना. साध्या कागदावर लिहून द्या, 'आमची हरकत नाही'. आणि मारा शिक्का.

कारकून : शिक्का जमा करून घेतला. आणि हरकत घ्यायचा हक्कच गेला, तर 'हरकत नाही' कुठल्या तोंडाने लिहू?

बाई : मग घरी काय दाखवू?

कारकून : घरी? घरी कोणाला दाखवायचंय?

(बाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहते.)

बाई : ह्यांना. बायको ग्रीसचे हात घेऊन रस्त्याकडे तोंड करून बसणार, हे रुचत नाही त्यांना. तोंडावर नाही म्हणत नाहीत. म्हणतात, आधी ऑफिसचा दाखला आण, मग बघू.

कारकून : आम्ही लवकर देत नाही, हे ठाऊक असणार त्यांना.

बाई : चांगलंच ठाऊक. खोटं कशाला बोलू, मलाही ते सोयीचंच होतं. तुम्हाला चार शिव्या घालायच्या आणि स्वयंपाकाला लागायचं. घरात भांडण नाही.

कारकून : आता शिव्या घालायलाही आम्ही उरलो नाही.

बाई : तेच तर. इतके दिवस दाखला मिळेना म्हणून राग यायचा, आता भीती वाटतेय.

कारकून : दुकान चालेल की नाही, याची?

बाई : छे, दुकान चालेल. घरी जाऊन बोलायची. तुम्ही काय सांगितलं असतं माझ्या जागी?

कारकून : आहे तेच. ऑफिसला विचारायचं बंद झालं.

बाई : बरं. मग मीही घरी विचारत नाही. सांगते.