मिटलेल्या चाकूबाबत

मी, रोपवाटिकेतल्या कलमवाल्या काकांची थोरली मुलगी, वय ४४ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार रोपवाटिकेमागच्या खोल्यांत, आईवडिलांसोबत. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब लिहून देते की,

माझे वडील कलमे बांधण्याचे काम करतात. मी त्याच आवारात खिडकीशी मशीन टाकून शिवणकाम करते. वडिलांच्या खिशात कायम घडीचा लहान चाकू असतो. तो नसला तर त्यांना अनवाणी बाहेर पडल्यासारखे वाटते. जुना चाकू धार लावून लावून काडीएवढा झाला होता, तो मागच्या महिन्यात मोडला. म्हणून मी त्यांना घेऊन कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले.

दुकानदाराने आधी बटणाचा चाकू दाखवला. बटण दाबले की पाते आपोआप बाहेर येते. तो म्हणाला, "काका, हा घ्या, एका हाताने उघडतो. तुमच्या वयाला सोपा." वडील म्हणाले, "वय मी विचारलं नव्हतं. आणि हा भांडणाचा चाकू आहे. मला कामाचा दाखव." याबाबत दुकानदाराकडे खात्री करता येईल.

वडिलांची चाकू निवडण्याची पद्धत अशी की, तो मिटून खिशात घालायचा आणि दुकानातल्या दुकानात उकिडवे बसून उठायचे. मांडीला टोचला तर नापास. दुकानदार हसला, पण यांचे बसणे-उठणे चालूच होते. शेवटी लाकडी मुठीचा, बोटाएवढ्या पात्याचा चाकू पास झाला. त्याला बटण नाही. पात्यावरच्या खाचेत नख घालून जोर लावून तो उघडावा लागतो. स्प्रिंग नवीन आहे, माझेही नख दुखते.

यापुढचे घराबाहेर कधी सांगितलेले नाही, पण सांगणे भाग आहे. वडिलांच्या दोन्ही अंगठ्यांचे सांधे धरले आहेत. चिमटीत जोर राहिलेला नाही. उघडा चाकू मुठीत धरून फांदी कापणे जमते, कलमावरची पट्टी आई बांधते. घरात हा विषय कोणी काढत नाही. दुकानात त्यांनी चाकू माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "बघ गं, धार कशी आहे." मी उघडला, बोट फिरवले, "छान आहे" म्हटले आणि उघडाच परत दिला. त्यांनी खिशातून आणलेली फांदी तासून पाहिली आणि म्हणाले, "हाच." मी एकदा बटणाच्या चाकूकडे बघितले आणि याचे पैसे दिले.

तेव्हापासून काम निघाले की ते माझ्या मशीनपाशी येतात, "धार बघ गं" म्हणतात आणि मी उघडून देते. मिटताना माझी गरज लागत नाही, टेबलाच्या कडेला टेकवून मिटतात. धार अजून एकदाही गेलेली नाही.

आज सकाळी अकराच्या सुमारास तक्रारदार गृहस्थ वाळलेले रोप बदलून मागायला आले. वडिलांनी कुंडी उपडी करून कुजलेली मुळे दाखवली आणि म्हणाले, "पाण्यात बुडवून मारलंत, वर माझ्याच नावानं खडे फोडताय." दोघांचेही आवाज चढले. मी खिडकीतून बघत होते. वडिलांनी खिशातून चाकू काढला, हे खरे आहे. राग आला की तो हातात घेऊन फिरवत राहायची त्यांना सवय आहे. चाकू मिटलेला होता. वडील पाते उघडून अंगावर आले, हे तक्रारदारांचे म्हणणे खोटे आहे. सकाळपासून वडील माझ्याकडे धार दाखवायला आलेच नव्हते.

वडिलांनी हवालदारांना "हो, उघडला होता" असे सांगितल्याचे मला इथे आल्यावर कळले. "एकट्याने उघडलात?" असे हवालदारांनी विचारल्यावर ते म्हणाले, "मग काय, त्यासाठी माणसं बोलवायची?" त्यांचे हे बोलणे धरू नये. ते कोठडीत बसतील, पण चाकू उघडता येत नाही असे तोंडातून काढणार नाहीत. मला त्यांचा रागही आला आहे आणि रडूही येते आहे, हे लिहिले तरी चालेल.

साहेब म्हणाले, चाकू त्यांच्या हातात देऊन उघडायला लावू, लगेच सोक्षमोक्ष लागेल. लागेल, हे मलाही कळते. तसे करू नये, अशी माझी विनंती आहे. दुकानदाराला विचारावे, डॉक्टरांना विचारावे. हवे तर मी उघडून दाखवते, म्हणजे स्प्रिंग किती कडक आहे ते समजेल.

हा जबाब मला वाचून दाखवला. वडील बाहेरच्या बाकावर असल्याने, माझ्या सांगण्यावरून दार लोटून हळू आवाजात वाचला. मी सांगितले तसाच तो आहे. चाकू परत द्याल तेव्हा मिटलेला, त्यांच्याच हातात द्यावा. धार ते मला दाखवतील.